उजव्या कानामागे

बोद्रीशेठनं तो अर्धपुतळा माझ्या बाकावर ठेवला तो पाठमोरा, कारण खोट मागच्या बाजूला होती. पोतं काढल्यावर मला दिसली एक तरुण मान, मानेवरचे बारीक कापलेले केस आणि उजव्या कानामागे खडूनं काढलेलं वर्तुळ. वर्तुळाच्या मधोमध मसुराएवढा एक दाणा. मी चष्मा कपाळावर चढवला, अंगठ्याचं नख दाण्याच्या कडेनं फिरवलं आणि म्हणालो, "मणी आहे ओतकामातला. पाच मिनिटांचं काम." असं मी म्हणालो. पंचावन्न वर्षं ब्राँझवर छिन्नी चालवलेला माणूस, अख्ख्या पोपँकूर मोहल्ल्यात ज्याच्या नजरेची लोक शपथ घेतात तो मी, इपोलित व्हासर. "तेच म्हटलं मी," बोद्रीशेठ म्हणाला. जुन्या पुतळ्यांचा व्यापारी तो, बोलायला लागला की थांबत नाही. "आणि बघा ना व्हासरबाबा, बाकी सगळा कसा छान तपकिरी, आणि हा एवढाच पिवळाधमक. गिऱ्हाइकाची बायको म्हणते, पुटकुळी आल्यासारखी दिसते. उडवून टाका, वर रंग चढवा, दुपारी नेतो. कुणी बाई होती म्हणे शिल्पकार. मोर्व्हाँ. ईस्टरच्या आधी वारली, तिच्या खोलीतलं सगळं विकायला काढलं." तो हे बोलत होता तेव्हा मी पुतळा स्वतःकडे फिरवत होतो. नाव आणि चेहरा दोन्ही एकदमच माझ्यासमोर आले. चेहरा माझ्या मुलाचा, ओक्ताव्हचा. मोर्व्हाँ हे माझ्या बायकोचं माहेरचं नाव.

मी स्टुलावर बसलो. बसलो म्हणजे काय, स्टूल तिथं होतं म्हणून जमिनीवर पडलो नाही. "काय झालं बाबा?" बोद्रीशेठ म्हणाला. "दम लागला," मी म्हणालो, "पाच मजले चढायचे म्हणजे." "अहो, चढलो मी! हे डोकं कवटाळून! तुम्ही तर सकाळपासून इथंच बसलाय!" तो खो खो हसला, रुमालानं मान पुसली आणि तीन वाजता येतो म्हणून जिना उतरून गेला. त्याला काही सांगावं असं मला वाटलं नाही. काय सांगणार होतो? माझी बायको मेल्याचं तुझ्याकडून कळलं, ते गिऱ्हाइकाच्या बायकोच्या पुटकुळीच्या आधी की नंतर हे आठवत नाही, असं? कागदावरसुद्धा आम्ही वेगळे झालो होतो, तेव्हा मला कळवायला कुणी बांधील नव्हतं. तिची बहीण ब्रिटनीत असते. तिनं निदान दोन ओळी टाकायच्या होत्या, असं मनात आलं आणि लगेच वाटलं, तिनं का टाकाव्यात? मी ओल्या चिंधीनं खडूचं वर्तुळ पुसलं. मणी तसाच चमकत राहिला. मणी नव्हे. मी अजून मणीच म्हणतो आहे.

हे नीट सांगायला हवं, कारण यात फसवाफसवी कुठेच नाही आणि म्हणूनच ते इतकं वाईट आहे. मेणाच्या पुतळ्याभोवती साच्याचा लगदा ओततात तेव्हा त्यात हवेचे बुडबुडे अडकतात. मेण वितळून निघून जातं, त्या पोकळीत ब्राँझ शिरतं, बुडबुड्यातही शिरतं. साचा फोडला की पुतळ्याच्या अंगावर असे मणी दिसतात, कधी दोन, कधी दोनशे. ते उडवायचे, शिवणी घासायच्या, छिद्रं बुजवायची आणि मग बारीक ठोकण्यांनी तिथली कातडी अशी परत करायची की इथं कुणाचा हात लागला होता हे देवालाही कळू नये. हा माझा धंदा. पुतळ्यावर शिल्पकाराची सही असते, ओतशाळेचा शिक्का असतो, आमचं नाव कुठेच नसतं. आपण होतो हे कळलं नाही तरच आपण चांगले कारागीर. मी फार चांगला होतो.

ओक्ताव्ह सतरा सालच्या एप्रिलात लढाईत गेला, एन नदीच्या वरच्या टेकडीवर, आणि सापडला नाही. गावच्या दफनभूमीत ज्यांच्या मुलाच्या नावाची पाटी तरी आहे त्यांचा आम्हाला हेवा वाटायचा. दोन वर्षं माझ्या बायकोनं, सेलेस्तीननं, मातीला हात लावला नाही. मग एका सकाळी पाहतो तर ती स्वयंपाकघराच्या टेबलावर तारेचा सांगाडा बांधत होती. तोवर ती बागांसाठी कारंज्यांवरची मुलं आणि घड्याळांवरच्या बायका करायची. चांगली शिल्पकार होती, पण कुणी तिला चेहरे करायला सांगितले नव्हते. हा चेहरा तिनं फोटो न बघता केला. फोटो होता, गणवेशातला, पण तो तिनं कपाटात उलटा ठेवला होता. डोळे मिटून करायची कधीकधी. मी कामावरून यायचो, सूप गरम करायचो, ती आंघोळ घातल्यासारखे ओले हात त्या मातीवरून फिरवत असायची आणि मी टेबलाच्या पलीकडे बसून ब्रेड मोडायचो. ओक्ताव्हचा चेहरा माझ्यासमोर रोज थोडा थोडा येत होता. समोरून. ती मागच्या बाजूला काय करत होती ते उठून पाहायला मला तीन पावलं टाकावी लागली असती.

मातीवरून प्लास्टरचा नमुना झाला, त्यावरून मेण झालं, साचा झाला, ओतलं गेलं. आमच्याच वर्कशॉपात. मालक मार्तिनो भला माणूस, त्याचेही दोन भाचे गेले होते. तो म्हणाला, "इपोलित, हे दुसऱ्या कुणाला देऊ का?" मी म्हटलं, खबरदार. "बरं, मग बाईंकडून प्लास्टर मागवून घेऊ? मॉडेल समोर असलेलं बरं." प्रत्येक कामाला मॉडेल समोर ठेवायची आमची पद्धतच आहे. नुसत्या ओतकामाकडे बघून कळत नाही काय खोट आणि काय मुद्दाम केलेलं. शिकाऊ पोरांना मी स्वतः हे घोकायला लावलेलं. आणि मी मार्तिनोला काय सांगितलं? "माझ्या पोराचं तोंड बघायला मला मॉडेल लागतं?" कुणीतरी टोपी काढली. मला स्वतःचा अभिमान वाटला, हे कबूल करतो. दुःखातही माणूस किती ऐटीत असतो.

अकरा दिवस मी ते डोकं मांडीवर घेऊन बसलो. बाकी सगळ्यांचं काम मी हातावेगळं करायचो, हे मात्र लांबवत होतो. भुवई संपली तेव्हा रडलो. ओठाचा कोपरा, जिथं तो हसू दाबायचा, तिथं दीड दिवस घालवला. कानामागचं मला आठवत नाही. खरंच आठवत नाही, म्हणजे एकच ठोका असणार, दुसऱ्या तिसऱ्या दिवशी, सगळे मणी उडवले तेव्हाच. टिक्. जमिनीवर पडला असेल, झाडून भुकटीत गेला असेल, पुन्हा वितळून कुणा सेनापतीच्या बटणात गेला असेल. मग आमच्या वर्कशॉपातली एक रीत होती. काम पुरं झालं की ते सगळ्यांच्या हातांतून जायचं, डोळे मिटून. ज्याच्या बोटाला कुठे खडा, खाच, शिवण लागेल त्यानं थांबायचं, आणि कुणीच थांबलं नाही तर त्या कारागिराच्या नावानं बाटली फुटायची. ओक्ताव्हचं डोकं अकरा माणसांच्या हातांतून गेलं. ज्या हातांना केसाएवढी खाच लपत नाही असे हात. कपाळावरून, गालांवरून, कानांच्या मागून. कुणी थांबलं नाही. म्हातारा फ्रेमो तर म्हणाला, "लेका, ही कातडीच आहे." बाटली फुटली. आम्ही सगळे रडलो आणि प्यायलो.

घरी आणला तेव्हा सेलेस्तीन खिडकीपाशी होती. ती चेहऱ्याकडे पाहीलच, असं मला वाटलं. मी त्या ओठाच्या कोपऱ्याकडे तिचं लक्ष जायची वाट बघत होतो. तिनं चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. सरळ हात पुढे केला, उजव्या कानामागे नेला आणि डोळे मिटले. बोट फिरलं. थांबलं. मागे आलं, पुन्हा फिरलं, अंधारात काडेपेटी शोधावी तसं. "इथं काय झालं?" "कुठं?" "इथं." मी जवळ गेलो, बघितलं आणि खूश होऊन म्हणालो, हे माझ्या तोंडचे शब्द आहेत, मी एकही बदललेला नाही, "मणी असेल तिथं, उडवला. खूणसुद्धा राहिली नाही ना?" तिनं डोळे उघडले. "तो मणी नव्हता, इपोलित. मस होता त्याला तिथं." आणि मग, रागानं नव्हे, रागानं म्हणाली असती तर मी भांडलो असतो, खरोखर जाणून घ्यायचं असल्यासारखी म्हणाली, "तुला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. एकवीस वर्षं तो माझ्या घरात होता. मी दारुडा नव्हतो, त्याच्या अंगावर कधी हात टाकला नाही, त्याला शाळेत घातलं, नवे बूट घेतले. सहा वर्षांचा असल्यापासून तो दुपारी माझा डबा घेऊन वर्कशॉपात यायचा. माझ्या डाव्या हाताला खिडकी, सगळा उजेड तिकडून. तो नेमका तिथं येऊन उभा राहायचा आणि मी म्हणायचो, "उजेड सोड." म्हणजे तो फिरून उजवीकडे यायचा आणि बाकाच्या कडेला हनुवटी टेकवून माझे हात बघत बसायचा. मी मान वळवली की मला त्याचा डावा गाल दिसायचा, डावा कान. त्या कानाची प्रत्येक घडी मी आजही काढून दाखवीन. उजवा कान पलीकडे असायचा. आयुष्यात मी त्याच्याशी सगळ्यात जास्त वेळा काय बोललो असेन, तर ते दोन शब्द: उजेड सोड. त्याचे केस ती कापायची. त्याला ती आंघोळ घालायची. तापात तो तिच्याकडे पाठ करून झोपायचा, आणि ती त्या मसावर बोट ठेवून बसायची, हे मला नंतर तिच्या बहिणीकडून कळलं. बोट उचललं की तो जागा व्हायचा म्हणे. घरात हे सगळं चाललेलं होतं, माझ्यापासून कुणी लपवलेलं नव्हतं.

हे सगळं मी त्या वेळी तिला सांगितलं असतं तर? पण मी काय बोललो, तर "बाई गं, कानामागे काय असतं ते कोण बघत बसतं!" असं. आणि तिचा चेहरा बघून घाईघाईनं म्हणालो, "बरं बरं, त्यात काय एवढं, परत लावून देतो. भोक पाडायचं, सळईचा तुकडा ठोकायचा, गोल करायचा. आत्ता करतो." हातोडी, सळई, भोक पाडायचा बारीक सामता, सगळं मी टेबलावर मांडलंसुद्धा. तिनं पुतळा माझ्यापुढे सरकवला, माझ्याकडे पाठ फिरवलेला. "लाव," ती म्हणाली. मी सामता हातात घेतला. गुळगुळीत ब्राँझ, माझ्याच हातानं केलेलं, त्यावर काहीही नव्हतं. कानाच्या पाळीच्या रेषेत? की वर, हाडाच्या उंचवट्यावर? केसांच्या आत की बाहेर? मी तिच्याकडे पाहिलं. तिनं नुसतं बोट ठेवलं असतं तरी चाललं असतं. तिनं दोन्ही हात ॲप्रनच्या खिशात घातले होते. "कुठं लावशील?" असं तिनं विचारलं आणि ती वाट बघत राहिली. बराच वेळ वाट बघितली तिनं. मला अजून वाटतं, मी चुकीच्या जागी का होईना, ठोकायला हवा होता. चुकलास, असं तरी ती म्हणाली असती. मी सामता खाली ठेवला.

त्यानंतर ती तीन वर्षं माझ्याबरोबर राहिली. भांडण नाही, काही नाही. सूप, ब्रेड, रविवारी कोंबडी. मग एक दिवस नदीपलीकडे खोली घेतली आणि गेली. पुतळा नेला नाही. "तो तुझा आहे," म्हणाली, "तुझं काम आहे ते." प्लास्टर तेवढं नेलं, टॉवेलात गुंडाळून. मी फ्रेमोला सांगायचो, माझ्या बायकोनं मसुराएवढ्या मसासाठी संसार मोडला, बायकांचं डोकं कसं चालतं बघा. अकरा वर्षं मी हे लोकांना सांगत आलो. ते हसायचे. मीही हसायचो. आणि तो पुतळा कपाटावर ठेवला, उजवी बाजू भिंतीकडे करून, उजेड डावीकडून बरा पडतो म्हणून. आता तो उचलून खाली आणला आणि बाकावर दुसऱ्याच्या शेजारी ठेवला. दोन ओक्ताव्ह. माझा आणि तिचा.

तिच्या पुतळ्यावर नदीपलीकडच्या कुठल्याशा ओतशाळेचा शिक्का आहे, चोवीस सालचा. म्हणजे मला सोडून गेल्यावर वर्षाच्या आत तिनं प्लास्टरवरून दुसरा ओतून घेतला. काम वाईट आहे. मानेखाली शिवण नीट गेलेली नाही, डाव्या भुवईत कानशीचे ओरखडे तसेच आहेत, ओठाचा कोपरा तर तिथल्या गाढव कारागिराला समजलेलाच नाही. दहा चुका मी उभ्या उभ्या दाखवीन. पण त्या गाढवानं मस ठेवला. आळशीपणानं राहिला असेल, असं मी आधी म्हटलं. नाही, भोवतालची कातडी साफ केली आहे, मस सांभाळून केली आहे. म्हणजे ती त्याच्या बाकाशी उभी राहिली असणार. इथं हात लावू नका, हा माझ्या मुलाचा मस आहे, असं तिनं त्या परक्या माणसाला सांगितलं असणार. मला त्या माणसाचा असा मत्सर वाटला की कानशिलं गरम झाली. त्याला सांगितलं. मला का नाही सांगितलं? वीस सालीच माझ्या बाकाशी येऊन का नाही उभी राहिली? कारण मला सांगावं लागेल हे तिच्या मनातच आलं नव्हतं. बापाला काय सांगायचं.

आणि तो पिवळेपणा. ब्राँझवर चढवलेला रंग पावसानं जात नाही, धुण्यानं जात नाही. तो बोटांनी जातो, रोज त्याच जागी बोट लागलं तर. दहा वर्षं. सकाळी, सूप उकळेपर्यंत, झोप येत नसेल तेव्हा. बाकी सगळा चेहरा तसाच तपकिरी, गालाला, कपाळाला तिनं हात लावलेलाच नाही. फक्त तेवढ्या मसुराएवढ्या जागेवर आतलं सोनेरी ब्राँझ उघडं पडलं आहे. बोद्रीशेठच्या गिऱ्हाइकाला तेच खटकतं आहे. मी उजव्या हाताची तर्जनी त्यावर ठेवली. थंड होता. मी वाट पाहिली. काहीतरी आठवेल असं वाटलं असणार मला. माझ्या बोटाला काहीही आठवलं नाही. आठवणार कुठून? मुलाचा मस मला ठाऊक झाला तो धातूत, अडुसष्टाव्या वर्षी, एका व्यापाऱ्यानं खडूनं गोल काढून दाखवला तेव्हा. मग मी रडलो. सेलेस्तीन, मी म्हटलं, मोठ्यानं म्हटलं, इतक्या खाली होता गं. मी तर हाडावर लावला असता.

तीन वाजता बोद्रीशेठ आला. "झालं?" आणि मग बाकाकडे बघून, "अरे! दोन कसे?" मी त्याला सांगितलं की ही खोट नाही, या मुलाला तिथं मस होता, शिल्पकार बाईनं तो मुद्दाम केला आहे आणि मी तो काढणार नाही, कुणाला काढूही देऊ नये. त्यानं टोपी मागे सारली. "बाबा, सकाळी तुम्हीच म्हणालात मणी आहे." "चुकलो." "तुम्ही? चुकलात?" त्याला खरोखरच नवल वाटलं. "हे बघा, माझं काही म्हणणं नाही. खरा मस असेल तर उलट गोष्टच झाली सांगायला, ती बाईही गप्प बसेल. पण मला खात्रीनं सांगता आलं पाहिजे, नाहीतर ती दुसऱ्या कुणाकडून उडवून घेईल. तुम्ही पाहिला होता का या मुलाला? स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता हा मस?"

हो म्हणायचं होतं, बस. एवढंच त्याला हवं होतं. मस वाचला असता, आणि हो म्हणायला मला किती आवडलं असतं. पाहिला होता शेठ, रोज पाहायचो, तापात त्यावर बोट ठेवून बसायचो. जिभेवर आलं होतं. मी माझा पुतळा फिरवून त्याच्यापुढे सरकवला, त्याचं बोट धरलं आणि उजव्या कानामागे नेलं. "हा तर गुळगुळीत आहे," बोद्रीशेठ म्हणाला. "हा मी केला," मी म्हटलं. "मी त्याचा बाप. मस होता हे मला माहीत नव्हतं, म्हणून उडवला." बोद्रीशेठनं बोट मागे घेतलं. त्यानं एकदा या डोक्याकडे पाहिलं, एकदा त्या. मग तिच्या पुतळ्यावर पोतं घातलं, सावकाश, लोकरीच्या शालीसारखं, आणि दोन्ही हातांत उचलला.

"नाही काढत," तो म्हणाला. "पण गिऱ्हाइकानं विचारलंच तर काय सांगू बाबा? कुणी पाहिला होता म्हणून सांगू?"

"त्याच्या आईनं," मी म्हटलं. "सांगा, त्याच्या आईनं पाहिला होता."